साडेचार फुटी भिंत

३ मार्च

माननीय प्राध्यापक यांस,

विषय: बंबखान्याच्या पूर्वेकडच्या भिंतीची जाडी.

महोदय,

सख्ख्या धाकट्या भावाला 'महोदय' लिहिताना हात जरा अडखळला. पण पत्र कामाचं आहे, आणि कामाच्या पत्राला दुसरा मायना मला येत नाही. इतकी वर्षं सर्वेक्षण विभागात जुन्या इमारतींचे नकाशे काढून तसं झालं असावं. शिवाय 'प्रिय' लिहायला माणसं एकमेकांशी बोलत असावी लागतात. फोन करता आला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि पलीकडच्या खोलीतून आईलाही ठाऊक आहे.

तर मुद्दा. जुना बंबखाना तुला आठवत असेलच. न आठवून कसं चालेल, त्याच्यावरच तर तुझं सगळं उभं आहे. आगीच्या बंबांसाठी बांधलेली ती लांबट, विटांची, मनोऱ्याची इमारत. बंब केव्हाच नव्या जागी गेले. आता तिथे महापालिकेच्या मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेले पंखे राहतात. त्या इमारतीकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. मग आपण दोघांनी तिचं मोजमाप केलं, मी नकाशा काढला, आणि नकाशात पूर्वेची भिंत साडेचार फूट जाड निघाली. बाकीच्या सगळ्या भिंती दीड फुटाच्या. तू म्हणालास, ही भिंत बंबखान्याची नाहीच. शहराभोवतीचा जो कोट पाडून टाकला, जो कुठून कुठे जात होता हे कोणालाच धड सांगता येत नाही, त्याचा हा शेवटचा तुकडा. बंबखाना नंतर त्याला टेकून बांधला. तू लेख लिहिलास. लेखाचं पुस्तक झालं, पुस्तकामुळे नोकरी लागली, नोकरी परदेशात लागली. इकडे बंबखान्याला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं आणि भिंतीवर पितळी फलक लागला. शाळांच्या सहली येतात. मुलं भिंतीला हात लावून फोटो काढून घेतात.

मागच्या आठवड्यात तिथे नळाचं काम निघालं. प्लंबरने कोणाला न विचारता पूर्वेच्या भिंतीला पाइपसाठी भोक पाडलं. फलक तेवढा सोडला, म्हणजे अक्कल होती. संरक्षित भिंतीला हात लावल्याबद्दल त्याला दम द्यायला मला पाठवण्यात आलं. मी दम द्यायला तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "बाई, तुमचा कोट भलताच नाजूक निघाला. हात कोपरापर्यंत घातला, तर बोटं पलीकडच्या गल्लीत."

मी पट्टी घालून पाहिलं. दीड फूट. साध्या विटा, चुन्यात बसवलेल्या, बाकीच्या भिंतींत आहेत तशाच.

हे आत्ताच का कळवते आहे, तर बंबखान्याच्या बाजूचा रस्ता रुंद करायचा घाट घातला आहे. इमारत आड येते. तिला हात लावता येत नाही तो केवळ त्या साडेचार फुटांमुळे. संरक्षण समितीपुढे सोळा मे रोजी सुनावणी आहे, आणि समितीने इमारतीचा ताजा नकाशा मागवला आहे. तो मी काढायचा आहे. खरा काढला तर बंबखाना जाईल, आणि तुझ्या पुस्तकाचं काय होईल ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. भिंतीची खरी जाडी सध्या तिघांना माहीत आहे: प्लंबर, मी आणि आता तू. प्लंबरने भोकात पाइप बसवून वरून सिमेंट फासलं आहे. त्याला कोटाशी काही देणंघेणं नाही.

आपलं म्हणणं लेखी कळवावं. शेवटी 'कळावे' लिहायची पद्धत आहे. कळलं, तर कळव.

सर्वेक्षण विभाग, जुन्या इमारती
(ताई)


१९ मार्च

धाकट्या,

महोदयांनी उत्तर दिलं नाही, म्हणून आता तुला लिहिते. एक खुलासा राहिला होता. साडेचार फूट आले कुठून, हे मला सापडलं आहे. रात्रभर जागून वगैरे नाही; दाढ दुखत होती म्हणून डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते, तिथे सुचलं.

भिंतीच्या आरपार टेप जात नाही. जिथे दार-खिडकी असते तिथे जाडी दिसते, मोजता येते. पूर्वेच्या भिंतीला एकही खिडकी नाही. मग आपण काय करतो? बाहेरून सगळी लांबी मोजतो, आतून खोल्या मोजतो, माहीत असलेल्या भिंती वजा करतो, आणि उरेल ती त्या भिंतीची जाडी समजतो. म्हणजे मोजण्यात कुठेही चूक झाली, तरी ती फिरून फिरून त्या एकाच भिंतीत जाऊन बसते.

आता आपला टेप आठव. पहिला फूट तुटून पडलेला, एकच्या आकड्यापासून सुरू होणारा. आपली पद्धत ठरलेली होती. तू दिसेल तो आकडा ओरडायचास, मी त्यातून एक वजा करून वहीत लिहायची. इतकी सवय झाली होती की भाजीवाल्याने भाव सांगितला तरी मी त्यातून एक कमी करायची आणि तो चिडायचा.

बंबखान्याची बाहेरची लांबी मोजायची होती त्या दिवशी मी तापाने फणफणले होते. तुला कुठला धीर! तू नानांना घेऊन गेलास. नानांनी दुकान बंद ठेवलं, शिलाईची गिऱ्हाइकं उद्यावर ढकलली आणि तुझ्या टेपचं टोक धरायला आले. संध्याकाळी दोघं बापलेक घरी आलात तेव्हा नाना म्हणाले होते, "आज एवढं मोठं माप घेतलं, पण शिवायचं काय ते प्रोफेसर सांगतील." तू प्रोफेसर झाला नव्हतास तेव्हापासून ते तुला प्रोफेसर म्हणायचे.

त्या दिवशी तू आकडे दिसले तसे लिहिलेस, कारण वजाबाकी ताईचं काम. मी नकाशा काढताना ते आहेत तसे घेतले, कारण वहीतला आकडा म्हणजे वजा केलेला आकडा. इमारत लांब, टेप तीनदा लावावा लागला. तीन वेळा एकेक फूट. दीड आणि तीन, साडेचार.

परवा नव्या टेपने बाहेरची लांबी पुन्हा घेतली. बरोबर तीन फूट कमी.

तेव्हा कोट आपण बांधला. तू, मी आणि आपली सवय. वीट लागली नाही, चुना लागला नाही, मजूर लागला नाही. इतक्या स्वस्तात कुठल्या राजाने कोट बांधला असेल असं वाटत नाही. पुढे जे अभ्यासक आले त्यांनी आपला नकाशा बघितला आणि माना डोलावल्या. भिंत कोणी मोजली नाही.

बाकी काम चालू आहे. सध्या घोड्यांचा जुना दवाखाना मोजते आहे. तिथे आता शिकवणी वर्ग भरतो. लंगडी जनावरं वर न्यायला बांधलेला उतार अजून आहे, मुलं त्यावरून सायकली नेतात. जनावरं बांधायच्या लोखंडी कड्यांना दप्तरं अडकवलेली असतात. दुकानांच्या पाट्यांच्या वर बघितलं की शहर केवढं जुनं आहे ते कळतं, असं तू म्हणायचास. ते खरं आहे. ते कोणाच्या नकाशावर अवलंबून नाही.

आई बरी आहे. पत्र कोणाला लिहितेस असं तिने विचारलं. ऑफिसचं आहे म्हटलं. "मग एवढं खोडतेस कशाला?" म्हणाली.

ताई


६ एप्रिल

धाकट्या,

उत्तर मिळालं. पाच वर्षांत पहिलंच. अक्षर बदललेलं नाही, अजून कोंबडीचे पाय.

वजाबाकीचं तू लगेच मान्य केलंस, हे मला आवडलं. पुढचं तुझं म्हणणं असं: झाकली मूठ सव्वा लाखाची. भिंत खोटी असेल, पण त्या खोट्याने एक चांगली इमारत वाचली आहे. जुनाच नकाशा पुन्हा जोडला तर बंबखाना राहतो, समिती खूश, मुलांच्या सहली खूश. खरा दिला तर बुलडोझर खूश. "कोणाचं काय बिघडतं, ताई?"

हे मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. तुझ्या म्हणण्यात काहीच नाही असं नाही. आमच्या साहेबांनीही, काही माहीत नसताना, हेच सुचवलं. म्हणाले, "अहो, नवीन नकाशा कशाला काढत बसता? जुन्यावर नवी तारीख घाला. आपणच केलेलं काम, आपणच त्यात खोट काढायची? आपलेच दात, आपलेच ओठ."

मी म्हटलं, "साहेब, दात दुखतायत."

त्यांना वाटलं मी दाढेबद्दल बोलते आहे. रजा घ्या म्हणाले.

मला भिंतीचं फारसं वाटत नाही. नकाशाचं वाटतं. माझ्या आयुष्यात मी दुसरं काही केलेलं नाही, धाकट्या. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, पुस्तक लिहिलं नाही. मी जे मोजलं ते तेवढंच आहे, असं लोक समजतात. माझ्या कागदावर रेघ असली तर तिथे भिंत असते. एवढंच माझं नाव आहे, आणि ते मला चुकीच्या रेघेवर पुन्हा सही करून घालवायचं नाही.

आणि तो तुझा प्रश्न. कोणाचं काय बिघडतं. तो तू मला आधीही विचारला आहेस, वेगळ्या शब्दांत. नाना गेले त्या सकाळी मी फोन केला, तेव्हा तू म्हणालास, "ताई, मी आलो तरी आता काय फरक पडणार आहे?" मी फोन ठेवला. त्यानंतर तू केला नाहीस आणि मीही केला नाही. उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज देते. फरक पडला असता. आईला पडला असता. मला पडला असता. नानांना पडला नसता, तेवढं तुझं बरोबर.

राग आहे का? आहे. पण तो रोज काढून बघण्यासारखा राहिलेला नाही. माळ्यावर आहे, कुठल्या ट्रंकेत ते माहीत आहे.

ताई


२१ एप्रिल

धाकट्या,

नवा नकाशा पूर्ण झाला. भिंत दीड फुटाची दाखवली आहे. नुसता नकाशा दिला तर इमारतीला सोडचिठ्ठी मिळणार, म्हणून सोबत टिपण लिहायला घेतलं: कोट नसेल, तर या इमारतीत आहे काय? त्यासाठी गेले दोन आठवडे बंबखाना पुन्हा बघते आहे. आणि तुला सांगते, आपण दोघांनी तो बघितलाच नव्हता.

तो मनोरा घे. आपण काय लिहिलं होतं? 'टेहळणीचा बुरूज.' कोट सापडला म्हटल्यावर बुरूज हवाच. आता मला सांग, त्या मनोऱ्यात जिना कुठे आहे? आत एकही मजला नाही, पायरी नाही. पहारेकरी काय उडत जात होता? मी बॅटरी मारून वर बघितलं. टोकाला ओळीने लोखंडी कप्प्या आहेत, दोर ओढायच्या. खाली जमिनीला उतार आणि पाणी जायला पन्हळ. तो वाळत घालायचा मनोरा आहे! आग विझवून आले की भिजलेले लांबच लांब कापडी पाइप तिथे अखंड टांगायचे, म्हणजे कुजत नाहीत. इतका उंच का, तर पाइप तितका लांब. इतकं साधं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे कपडे वाळत घालायची जागा. त्यात शोध काय लावलास?"

दारं बघ. तीन कमानी, तिन्ही बंबाच्या रुंदीच्या. प्रत्येक दाराच्या वर तक्तपोशीत एक भोक आहे, त्याची कड दोराने घासून गुळगुळीत झाली आहे. माणसं वर झोपायची. घंटा झाली की उठायच्या आधी हाताने दोर ओढायचा, खाली अडसर निघायचा, म्हणजे ती जिना उतरेपर्यंत दार उघडलेलं. कोणी तरी झोपेतल्या माणसाचा विचार करून ती इमारत बांधली आहे. कोण ते माहीत नाही. त्याचं नाव कुठे नाही, आणि आपण त्याच्या इमारतीवर दुसऱ्याच कोणाच्या कोटाचा फलक लावला.

मला वाईट वाटलं ते याचं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं आपण त्या भिंतीचं केलं. आणि खरं सोनं मोडक्या खुर्च्यांखाली.

आता कामाचं. नकाशा मी सुनावणीच्या आधी चार दिवस समितीकडे देणार आहे. त्याआधी तू स्वतः लिही. तू लिहिलंस तर ती अभ्यासकाने केलेली दुरुस्ती होईल, लोक तुला चार शब्द चांगले बोलतील. मी एकटीने दिलं, तर बहिणीने भावाला उघडं पाडलं असं होईल, आणि ते तुलाही चिकटेल आणि मलाही. मोठं लिहू नकोस. बाहेरच्या मापात तीन फूट वजा करायचे राहिले, एवढं एक वाक्य. समितीच्या अध्यक्षबाईंचा पत्ता मागे लिहिला आहे.

माझी तुझ्याकडे दुसरी कसलीही मागणी नाही. पूर्वी होत्या. ही एक आहे.

ताई


९ मे

धाकट्या,

अध्यक्षबाईंच्या ऑफिसातून फोन आला. तुझं पत्र पोचलं. पाकीट फोडून त्यांनी नोंद केली आहे, मजकूर सुनावणीत वाचतील. 'मापातील चूक मान्य केली आहे' एवढं कारकुनाने मला सांगितलं.

मला बरं वाटलं, हे लिहून टाकते, नाही तर माझ्याकडून राहून जाईल. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पेन्सिली तासत बसले. सगळ्या तासून झाल्या.

आईला खरं काय ते सांगितलं. भिंतीचं तिला काही वाटलं नाही. "तीन फूट म्हणजे एक बाही जास्त आली" म्हणाली. पण तुझं पत्र भर सभेत वाचणार म्हटल्यावर उठून बसली.

"मी येणार."

"आई, तिथे बोलावलेली माणसं असतात."

"सार्वजनिक सुनावणी आहे ना? मग मी सार्वजनिक. माझ्या पोराचं पत्र मोठ्याने वाचणार, आणि मी काय घरी मटार सोलू?"

आता रोज विचारते, बसायला खुर्च्या असतात का, की बाकडी. तुझी चूक वाचणार आहेत, सत्कार करणार नाहीत, हे मी दोनदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. "चूक कबूल करायला अक्कल लागते," म्हणते. "तुझ्या नानांना ती होती. एकदा कोट उलटा शिवला तर सरळ जाऊन सांगून आले गिऱ्हाइकाला."

नकाशा उद्या-परवा देते.

ताई


१७ मे

धाकट्या,

सुनावणी काल झाली. निकाल आधी सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही.

बंबखाना राहिला. पहिली श्रेणी काढली, तिसरी दिली. कोटासाठी नाही, मनोरा, तीन दारं आणि ती दोराची भोकं यांच्यासाठी. पूर्वेची खोली रस्त्यात जाणार, तिच्याबरोबर ती भिंतही. जिच्यामुळे इमारत आजवर टिकली तीच नेमकी जाणार, यावर एक सदस्य हसले. फलक काढून माझ्या ताब्यात द्यायचा ठराव झाला. त्याचं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. पितळ चांगलं आहे.

आता तुझं पत्र. अध्यक्षबाईंनी ते स्पष्ट, सावकाश वाचलं. वाचनाची त्यांना हौस आहे. सुरुवात छान होती. 'शहराच्या इतिहासाविषयी माझ्याकडून झालेली दिशाभूल' असं तू लिहिलंस, तेव्हा दोन-तीन जणांनी माना हलवल्या. आणि मग ते वाक्य आलं. मला ते पाठ झालं आहे. 'सदर बाह्य मापे एका अप्रशिक्षित मदतनिसाच्या साहाय्याने घेण्यात आली असल्याने त्यांत त्रुटी राहिली. आतील मापे व नकाशा माझ्या भगिनीने काढलेले असून ते निर्दोष आहेत.'

तू मला वाचवायला गेलास, हे मला कळतं. स्वतःलाही थोडं सावरून घेतलंस, माणूस घेतोच. पण दोघांना वाचवायचं म्हटलं की चूक ठेवायला तिसरा कोणी तरी लागतो, आणि तिथे तिसरं एकच माणूस होतं. तू हे मुद्दाम लिहिलंस असं मला वाटत नाही. अशी वाक्यं तुमच्या कामात हातासरशी येत असतील. ते कोण होते हे लिहिताना तुझ्या मनातही आलं नसेल. त्यानेच जास्त लागलं.

मी उठले. बोलायची माझी पाळी नव्हती.

"नोंदीत दुरुस्ती हवी," मी म्हटलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "नकाशात?"

"पत्रात. मदतनीस शिंपी होते. उभं आयुष्य टेप हातात धरला त्यांनी. टेपचं टोक धरण्यात त्यांच्याइतका प्रशिक्षित माणूस या खोलीत एकही नाही. त्यांनी टोक बरोबर धरलं होतं. आकडे वाचणाऱ्याने एक फूट वजा केला नाही, आणि नकाशा काढणारीने विचारलं नाही."

"नकाशा काढणारी कोण?"

"मी."

"आणि वाचणारा?"

"पत्र लिहिणारा."

सभेत थोडी कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "मदतनिसांचं नाव सांगता का? नोंदवायचं तर पूर्ण नोंदवू." मी नाव सांगितलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. कारकुनाने आडनावाचं शुद्धलेखन विचारलं, तेही सांगितलं. ते आता बंबखान्याच्या कागदपत्रांत आहे. नानांचं नाव दुकानाच्या पाटीखेरीज कुठे लिहिलं गेलं असेल, असं मला आठवत नाही.

तुझ्या पुस्तकाबद्दल मी बोलले नाही. कोणी विचारलंही नाही. सभेचा पुढचा विषय सांडपाण्याचा होता.

घरी येताना बसमध्ये आई खिडकीजवळ बसली होती. घोड्यांचा दवाखाना आला तेव्हा मी तिला तो उतार दाखवला, ती "हं" म्हणाली. घरी येऊन तिने चपला जागेवर ठेवल्या, पाणी प्यायली, माझ्यासाठीही आणलं. मग म्हणाली, "त्याला लिहिशील ना?"

"लिहीन."

"मग लिही, आई आली नव्हती म्हणून. पाय दुखत होते तिचे."

"का?"

"उगाच. एवढ्या लांब एकटा आहे तो. मनाला लावून घेईल."

आजवर मी तिचा शब्द मोडलेला नाही. आत्ताही मोडत नाही.

आई आली नव्हती. तिचे पाय दुखत होते. मी दुसऱ्या रांगेत होते आणि माझ्या पाठीमागच्या खुर्चीवर ती इस्त्रीचे कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसली नव्हती. तुझं नाव वाचलं तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईला तिने 'माझा मुलगा आहे' असं सांगितलं नाही. मग ते मदतनिसाचं वाक्य आलं, आणि त्या बाईने सहज विचारलं, "हा मदतनीस कोण हो?" तेव्हा 'कोण जाणे' असं ती म्हणाली नाही.

ताई